दम आधी येतो, टाच मागून

आमच्या पहाटेच्या धावणाऱ्या मंडळीत दोघे असे आहेत की त्यांना शेजारी शेजारी उभं केलं, तर पैज कोणावर लावायची याबद्दल कोणाचंच दुमत होणार नाही. आणि ती पैज सगळे हरतील.

पहिले माझे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. वय ४६, पणजीत नोकरी. दोन जोड महागडे बूट, झोपेचाही हिशेब ठेवणारं घड्याळ, धावण्याआधी मोजून पंधरा मिनिटं स्ट्रेचिंग. पोहणं उत्तम, सायकल त्याहून उत्तम. गेल्या तीन वर्षांत चार दुखापती: नडगी, गुडघा, टाच आणि परत तीच टाच.

दुसरे आमच्या वाड्यावरचे एक काका. वय ५८, फोंड्याला मोटार वाइंडिंगचं दुकान. बुटांचे तळ झिजून गुळगुळीत, पाय सपाट, स्ट्रेचिंग म्हणाल तर दुकानाचं शटर वर ढकलताना होईल तेवढंच. गेल्या दहा वर्षांत धावण्यापायी एक दिवसही घरी बसलेले नाहीत.

भावजी याला नशीब म्हणतात. बहीण म्हणते, "नशीब कसलं, तुमचा हट्ट." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण मधली मोठी गोष्ट राहून जाते, आणि ती कळायला शरीरात दुरुस्तीचं काम कसं चालतं ते आधी बघावं लागतं.

दुखापती दोन जातींच्या. एक घडते, दुसरी साचते. फुटबॉल खेळताना कोणी पायात पाय घातला आणि घोटा मुरगळला, ती घडलेली. तिची तारीख, मैदान, पाय घालणाऱ्याचं नाव सगळं जन्मभर लक्षात राहतं. साचणारीचं तसं नाही. "कधीपासून दुखतंय?" असं फिजिओने विचारलं की माणूस छताकडे बघू लागतो. हौशी धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती या दुसऱ्या जातीच्या असतात, आणि त्या काही थोड्याथोडक्या नव्हेत. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात दोनशेहून जास्त हौशी धावणाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं, तर वर्षअखेरीला दुखापतीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास भरलं.

का साचते ते साध्या हिशेबात बघू. सावकाश धावणारा माणूस एका किलोमीटरला साधारण बाराशे पावलं टाकतो. दहा किलोमीटरला बारा हजार, म्हणजे एकेका पायाला सहा हजार. प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन-अडीच पट जोर येतो. टाचेच्या मागची जी जाड दोरी पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधते, तिच्यावरचा ताण तर वजनाच्या सहा-सात पटींपर्यंत जातो. ७० किलोच्या माणसाच्या त्या दोरीवर एका पावलापुरता का होईना, चारशे-साडेचारशे किलोंचा ओढा. असे सहा हजार ओढे, आणि तेही न्याहारीच्या आधी.

या प्रत्येक ओढ्यात थोडीशी झीज होते आणि शरीर ती भरून काढतं. नुसतं भरत नाही, जागा आधीपेक्षा मजबूत करून ठेवतं. व्यायामाचा फायदा म्हणतात तो हाच. झीज आणि भरपाई यांचा मेळ बसला तर माणूस काकांसारखा वर्षानुवर्षं धावतो. झीज पुढे आणि भरपाई मागे पडली की एके सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताच टाच सांगते की आता नाही.

आता हाडाकडे बघा. आमच्या जुन्या घरावर मंगळुरी कौलं आहेत. पावसाआधी, मे महिन्यात, ती परतायला माणसं येतात. आधी फुटकी कौलं उतरवायची, खालच्या रिपा तपासायच्या, कुजलेली रीप काढायची, मग नवी बसवायची. या मधल्या दिवसांत घर दुरुस्त होत असतं, पण ते आधीपेक्षा उघडंही असतं. नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस आला की सगळं घर भांडी घेऊन धावतं. हाडाचं काम हुबेहूब असंच चालतं. नवा भार पडला की त्या जागेचं जुनं हाड आधी पेशी खाऊन टाकतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी नवं हाड भरू लागतात आणि ते पुरतं भरून कडक व्हायला तीनेक महिने जातात. मधल्या काळात ती जागा उघड्या छपरासारखी असते. सैन्यात नव्याने भरती झालेल्यांच्या नडगीला आणि पावलांच्या हाडांना बारीक तडे जातात ते पहिल्या दिवशी क्वचितच. काही आठवडे उलटल्यावर जातात, "आता जमायला लागलं" असं वाटू लागतं नेमकं तेव्हा. भावजींची नडगी धावायला लागल्यापासून सहाव्या आठवड्यात गेली होती.

टाचेच्या दोरीची, म्हणजे अकिलीस टेंडनची, गोष्ट याहून नवलाची. १९५५ ते १९६३ या काळात जगात अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण भसकन वाढलं आणि नंतर हळूहळू उतरलं. त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शरीरात अन्नातून तो कार्बन गेला. म्हणजे पेशीजालाच्या एखाद्या तुकड्यातला कार्बन मोजला, तर तो तुकडा कोणत्या सालचा ते जवळपास सांगता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हीच युक्ती अकिलीस टेंडनवर वापरली आणि २०१३ साली निष्कर्ष छापला: टेंडनचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो, त्यानंतर तो जवळजवळ बदलतच नाही. स्नायू बदलतो, हाड बदलतं, टेंडनचा गाभा मात्र शाळेतला तोच राहतो.

हे वाचलं तेव्हा मला काका आठवले. त्यांचं बाळपण अंत्रुजच्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका गावात गेलं. भात कापून झालं की शेतं मोकळी, आणि पाणी सुकलं की त्याच धसकटांत अनवाणी फुटबॉल. रोज, अंधार पडेपर्यंत. उड्या, गिरक्या, ढकलाढकली. काकांच्या टाचेतली दोरी त्या शेतात वळली गेली. भावजी शाळेत हुशार, घरात बसणारे, पळाले ते पस्तिशीनंतर. लहानपणी चेंडूचे खेळ खेळलेल्या धावपटूंना पुढे हाडांचे असे तडे कमी जातात, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. सरळ रेषेत धावताना हाडाला एकाच बाजूने मार बसतो, चेंडूमागे पळताना सगळ्या बाजूंनी, आणि वाढत्या वयात हाड त्या सगळ्या बाजूंनी जाड होतं. म्हणजे भावजींच्या "नशीब" या शब्दात एवढं तथ्य आहे. पण एवढंच. मोठेपणीही टेंडनची ताकद वाढते, फक्त त्यासाठी भार नेटाने द्यावा लागतो आणि किमान तीन महिने थांबावं लागतं.

आता या लेखाचं मूळ दुखणं. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. धावायला लागलात की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्ताचं प्रमाण वाढतं. महिना-दीड महिन्यात हृदय आणि स्नायू ऑक्सिजन वापरायला चांगले शिकतात. दम येतो. टेंडनला लागतात महिने, हाडाला लागतात महिने. दम आलेल्या माणसाला वाटतं आपण तयार झालो, पण तयार झालेला असतो फक्त दम.

अगदी नवख्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाला त्याचाच दम वाचवतो. दोन किलोमीटरवर धाप लागते, तो चालू लागतो, बिचाऱ्या टाचेवर फार वेळ येतच नाही. खरा धोका भावजींसारख्यांना. दोन वर्षं सायकल आणि पोहणं करून त्यांचं हृदय मोटारीच्या इंजिनासारखं झालेलं, पण या दोन्ही व्यायामांत पाय जमिनीवर आपटतच नाहीत. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही तिहेरी शर्यत पहिल्यांदा झाली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. ती बघून पुढच्या काही वर्षांत गोव्यातल्या कितीतरी सायकलवाल्यांनी बूट घेतले, त्यांत हेही. पहिल्याच महिन्यात दहा किलोमीटर धावले आणि म्हणाले, "काहीच वाटलं नाही रे!" खरंच वाटलं नव्हतं. वाटणारा भाग दमला नव्हता, आणि दमलेल्या भागाला बोलायची सवय नव्हती. टेंडन आणि हाड तक्रार करतात ती दुसऱ्या दिवशी, कधी दुसऱ्या महिन्यात.

मग किती वाढवायचं? धावणाऱ्यांत एक नियम देवाच्या वचनासारखा सांगतात: आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात तो तपासून बघितला गेला. नवख्यांचे दोन गट केले, एकाला या नियमाने हळू वाढवलं, दुसऱ्याला नेहमीच्या भरभर वाढणाऱ्या आराखड्याने. दोन्ही गटांत पाचातल्या एकाला दुखापत. फरक शून्य. नियम निकालात निघाला असं वाटलं, पण त्यातला दहाचा आकडा २०२५ मध्ये वेगळ्याच दारातून परत आला. ५,२०५ धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच धाव महत्त्वाची. मागच्या ३० दिवसांत तुम्ही सर्वांत लांब जेवढे धावलात, त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त एका दमात धावलात की धोका वाढतो. दुपटीच्या पुढे गेलात तर धोकाही दुपटीच्या पुढे.

आता ही गोष्ट गोव्याच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. जून ते सप्टेंबर पाऊस. रस्ते बुळबुळीत, कपडे वाळत नाहीत, पहाटे उठायचा उत्साह मावळतो. मग चवथ, म्हणजे गणपती. पातोळ्या, नेवऱ्या, पाहुणे. ते उरकेपर्यंत लक्षात येतं की शर्यती तोंडावर आल्या. मिरामारची आयर्नमॅन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वास्कोजवळ चिखलीची रिव्हर मॅरेथॉन डिसेंबरात. पैसे भरलेले असतात. आठवडाभर ऑफिस, म्हणून सगळी भरपाई रविवारी. मागच्या महिन्यात सर्वांत लांब पाच किलोमीटर धावलेला माणूस ग्रुपबरोबर रायबंदरच्या जुन्या बांधावरून बारा मारून येतो, वर चहा-पाव खाऊन घरी झोपतो. आठवड्याची बेरीज काढली तर काही भयंकर दिसत नाही. त्या एका सकाळी मात्र त्याच्या टेंडनने महिनाभरात कधी न पाहिलेला भार पाहिलेला असतो. आमच्या ग्रुपमध्ये बर्फाच्या पिशव्यांच्या चौकशा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत जास्त होतात. मी हे मोजलेलं नाही, पण ग्रुपवरचे मेसेज वर सरकवत गेलं की दिसतं.

भार नुसत्या अंतराने वाढतो असंही नाही. भावजींचा गुडघा गेला त्या वर्षी त्यांनी अंतर तेच ठेवलं होतं, फक्त रस्ता सोडून वाळूवर धावायला लागले होते. "वाळू मऊ, गुडघ्याला बरी." मी एका सकाळी त्यांच्या मागून चालत गेलो. ओहोटी होती. मिरामारहून करंजाळेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, आणि किनारा त्या बाजूला उतरता. ओल्या वाळूत ठसे स्पष्ट उमटलेले: उजव्या पावलाची बाहेरची कड खोल रुतलेली, डाव्याची आतली. एक पाय सतत वरच्या पायरीवर, एक खालच्या. त्याच वाटेने वाळूवरून परत आले असते तर निदान बाजू तरी बदलली असती. पण हे परत यायचे डांबरी रस्त्याने, कारण बुटात वाळू जाते! महिनाभर हे चाललं आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू धरली. शिवाय सुकी भुसभुशीत वाळू मऊ असली तरी हलकी नसते. तिच्यावर धावायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते आणि टाच रुतत असल्याने पोटरीवर ओढा वाढतो.

तरीही, पुढे कोणाला दुखापत होईल हे एकाच प्रश्नात ओळखायचं असेल, तर प्रश्न असा विचारावा: मागच्या वर्षभरात झाली होती का? जुनी दुखापत हे नव्या दुखापतीचं सर्वांत खात्रीचं लक्षण. अभ्यासामागून अभ्यासात हेच वर येतं. याचं एक कारण साधं: ज्या सवयीने पहिली आणली ती सवय गेलेली नसते. दुसरं शरीराच्या आतलं, आणि ते मी स्वतःवर शिकलो.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गावच्या स्पर्धेत माझा डावा घोटा मुरगळला. सुकलेल्या शेतातल्या बैलाच्या खुराएवढ्या खड्ड्यात. तेल लावलं, पट्टी बांधली, एका जाणत्या माणसाकडून "लावून" घेतला, पंधरा दिवसांत सूज उतरली आणि मी खेळायला गेलो. दोन महिन्यांनी तोच घोटा सपाट सिमेंटवर मुरगळला, आजूबाजूला कोणी नसताना. पुढे वर्षभरात आणखी दोनदा. मला वाटायचं हाड कुठेतरी हललंय. हाड जागेवर होतं. घोट्याच्या अस्थिबंधांमध्ये, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांमध्ये, बारीक संवेदक असतात. पाऊल कुठे आहे, किती कललंय, हे डोळ्यांनी न बघता ते मेंदूला कळवतात. मुरगळताना अस्थिबंध ताणले जातात तसे हे वार्ताहरही गारद होतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण बातमी उशिरा पोचते. पाऊल कलायला लागल्यावर स्नायूने ते सावरायला हवं, तो सावरतो तेव्हा उशीर झालेला असतो. तपासायचं असेल तर भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. मग दुसऱ्या पायावर. माझा उजवा पाय अर्धा मिनिट टिकायचा, डावा चार सेकंदांत भिंत शोधायचा. उपायही तोच निघाला: रोज दात घासताना डाव्या पायावर उभं राहायचं, सुरुवातीला डोळे उघडे ठेवून. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. त्यानंतर तो घोटा मुरगळलेला नाही. एवढी साधी गोष्ट त्या चार मुरगळण्यांत मला कोणीच सांगितली नव्हती, याचा राग अजून आहे.

स्नायूचंही असंच. दुखऱ्या पायावर भार द्यायचा टाळतो, म्हणून त्याचे स्नायू उतरतात. दुखणं गेलं की आपण समजतो बरा झाला. दुखणं जातं आधी, ताकद येते फार मागून. भावजींची टाच दुसऱ्यांदा गेली ती अशी: सहा आठवडे विश्रांती, दुखणं शून्य, आणि पहिल्याच रविवारी आठ किलोमीटर. विश्रांतीने टेंडन शांत होतं, बळकट होत नाही. उलट त्या सहा आठवड्यांत ते आणखी कच्चं झालेलं असतं.

ज्यांवर लोक सर्वांत जास्त पैसे आणि वेळ घालवतात त्या गोष्टी झटकन उरकतो. व्यायामाआधीच्या ताणून धरायच्या स्ट्रेचिंगने दुखापती टळतात का? ऑस्ट्रेलियात सैन्यातल्या १,५३८ नव्या भरतीवाल्यांवर हे तपासून २००० साली निष्कर्ष आला की सांगण्यासारखा फरक नाही. सपाट पाय? डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्यांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पळवलं. आत कलणाऱ्या पावलांना दुखापती जास्त झाल्या नाहीत. बूट पायाला सुखाचे असावेत आणि नवीन जातीचे घेतले तर हळूहळू सवय करावी, याच्या पुढे दुकानदाराचं फार ऐकू नये.

याउलट ज्या गोष्टी व्यायामाच्या वहीत कधी लिहिल्या जात नाहीत, त्यांनी मात्र बरंच ठरतं. झोप ही पहिली. अमेरिकेत ११२ शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट निघाली. मुलांचा आकडा मोठ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दुरुस्तीची पाळी रात्रीची असते हे तर सगळ्यांनाच लागू. रात्री साडेअकरापर्यंत फोन आणि साडेचारला गजर, याला आमच्या ग्रुपमध्ये शिस्त म्हणतात.

दुसरी गोष्ट गोव्याला खास लागू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. चारातल्या एकाहून जास्त. रक्तातली जादा साखर टेंडनमधल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते आणि धागे एकमेकांत अडकून ताठर होतात. खांदा आखडणं हे मधुमेहात वारंवार दिसतं, आणि टाचेच्या टेंडनलाही या रोगात जास्त त्रास होतो. "साखर आहे म्हणून धावायला लागलो" म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ, आणि त्यांनी धावावंच. पण त्यांच्या टेंडनला शेजारच्यापेक्षा जास्त महिने द्यावे लागतात, हे त्यांना सांगणारं कोणी नसतं. तसंच सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स. टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नये, पण "मी धावतो" एवढं त्यांना सांगावं, आणि त्या दिवसांत टाच दुखली तर लगेच कळवावं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती दबक्या आवाजात बोलली जाते म्हणून इथे उघड लिहितो. व्यायाम वाढवला, वजन उतरवायला जेवण कमी केलं, आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते चांगल्या तब्येतीचं लक्षण नव्हे. शरीराला खर्चापुरतं अन्न मिळत नाही म्हणून ते हाडांच्या दुरुस्तीचं काम बंद करतं. अशा वेळी हाडांना तडे जाण्याचा धोका बराच वाढतो. पुरुषांतही असंच होतं, फक्त त्यांच्याकडे महिन्याला धोक्याची घंटा नसते. भाकरी-भात सोडून पळणाऱ्यांनी हे वाचावं.

आता बहिणीच्या "हट्टा"कडे येतो. मानसशास्त्रात छंदाच्या दोन तऱ्हा सांगतात. एकीत माणूस छंद बाळगतो, दुसरीत छंद माणसाला बाळगतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस धावला नाही की अस्वस्थ होतो, अपराधी वाटतं, आणि दुखत असतानाही तो बूट बांधतो. नेदरलँड्समधल्या लांब पल्ल्याच्या धावणाऱ्यांत अशांना दुखापती जास्त आढळल्या आहेत. हट्टाने टेंडन थेट दुखावत नाही. हट्ट फक्त पहिल्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करायला लावतो, आणि चार दिवसांत शमलं असतं ते चार महिने चालतं. काकांना मी कितीदा बघितलंय, मंडळी निघायच्या तयारीत आणि हे कट्ट्यावर बसून: "आज पोटरी जड वाटते. तुम्ही जावा." त्यांना कोणी चिडवलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. भावजींना तेच वाक्य उच्चारायला तीन वर्षं आणि चार दुखापती लागल्या. त्यांच्या घड्याळात एक मालिका आहे, सलग किती दिवस व्यायाम केला ती दाखवणारी. ती तुटू नये म्हणून ते तापातही बाल्कनीत चालायचे.

उपाय एकच सांगायचा तर जोर-बैठकांच्या कुळातला: स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. २०१४ साली २५ चाचण्या आणि २६ हजारांवर लोक एकत्र धरून हिशेब मांडला गेला, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक-तृतीयांशाच्याही खाली आल्या होत्या. स्ट्रेचिंगने काहीच उतरल्या नव्हत्या. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, एक विशेष व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून पुढे हळूहळू झुकत जायचं, हात टेकेपर्यंत. पहिल्या दिवशी माणूस नारळासारखा धपकन पडतो. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर हा तपासला: व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती, न करणाऱ्यांत ५२. फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा वॉर्म-अपही आहे, त्याला चेंडूशिवाय काही लागत नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांत त्याने गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. आमच्याकडे रविवारच्या चाळिशीपुढच्या सामन्यांत मात्र वॉर्म-अप म्हणजे गोलकीपरवर चार शॉट. मग दहाव्या मिनिटाला कोणीतरी मांडीचा मागचा भाग धरून एका पायावर बाहेर येतो, आणि सगळे म्हणतात वय झालं.

दुखत असताना किती चालवून घ्यायचं, याचा आमचा फिजिओ सांगतो तो ठोकताळा मला पटतो. धावताना थोडं जाणवतंय पण वाढत नाही, आणि दुसऱ्या सकाळी पहिलं पाऊल टाकताना कालच्यापेक्षा जास्त नाही, तर भार झेपतोय. सकाळचं पाऊल कालच्यापेक्षा वाईट पडलं तर काल जास्त झालं. हाडावर एका बोटाने दाबून नेमकी जागा सापडते, आणि रात्री पडल्या पडल्याही ठणकते, तर मात्र ठोकताळे बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

भावजी आता हे सगळं ऐकतात. यंदा चवथ उरकली त्या रविवारी, सप्टेंबरच्या शेवटी, ते कागद-पेन घेऊन माझ्याकडे आले. डिसेंबरच्या मध्यावरच्या शर्यतीत २१ किलोमीटरला नाव घातलेलं, आणि महिन्यातली सर्वांत लांब धाव सहा. आम्ही व्हरांड्यात बसून मांडलं: सहा, साडेसहा, सव्वासात, आठ... दर आठवड्याला दहा टक्के, एकही आठवडा न चुकवता, तरी २१ वर पोचायला तेरा आठवड्यांच्या वर लागतात. हातात अकरा. त्यांनी आकडे दोनदा तपासले, बँकेत तपासतात तसे. मग फोन काढला आणि नाव दहा किलोमीटरच्या शर्यतीत बदलता येतं का ते बघू लागले.

काका दुकानाला निघाले होते, पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले उंडे सायकलच्या कॅरिअरला. थांबून विचारलं, "काय हिशेब चाललाय?" भावजींनी समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे धावायला पैसे भरतात?"

भावजी उत्तर न देता व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहिले, टाचा बाहेर, खांब धरून. वर, सावकाश खाली. पंधरा वेळा, मग थांबून पुन्हा पंधरा. घड्याळ या व्यायामाची नोंद करत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.